अळीच्या अंगातला बंदोबस्त

कपाशीच्या बांधावर उभं राहून खानदेशातला शेतकरी एक वाक्य हमखास बोलतो : अळीची प्रतिकारशक्ती वाढली. कृषी सेवा केंद्रातला दुकानदार तेच म्हणतो, बातमीतही तेच छापून येतं, आणि त्यावर उपाय म्हणून पुढच्या फवाऱ्यात आणखी एक डबा वाढतो. माझं मत असं की या वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ती सुटी केल्याशिवाय, औषध रासायनिक असो की जैविक, त्यावरचा पैसा नीट कामी लागायचा नाही.

म्हणून हा संवाद. यातला मामा शिंदखेडा तालुक्यातला कापूस-मक्याचा शेतकरी आहे आणि भाची जळगावच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण ती कुणी एक माणसं नाहीत. धुळे-जळगाव पट्ट्यात ज्या दोन बाजू कानावर येतात, त्या मी या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत.

मामा : तू कीटकांचं शिकवतेस ना बेटा, मग सांग. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी तोंड लावायची आणि मरायची. २००६ साली बीजी-टू आलं. आज गुलाबी अळी त्याच बोंडात ठाण मांडून सरकी खाते. प्रतिकारशक्ती वाढली नाही तर काय झालं?

भाची : अळी मरत नाही हे खरंच आहे मामा. पण त्यात तिच्या प्रतिकारशक्तीचा हात फारसा नाही. बीटीचं प्रथिन अळीच्या मधल्या आतड्यात पोहोचतं. तिथल्या पेशींवर काही ठरावीक प्रथिनं असतात. त्यांना ते चिकटलं, तरच पेशीला भोक पडतं, आतडं फाटतं, आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात. काही गुलाबी अळ्यांमध्ये हे चिकटण्याचं ठिकाणच जन्मापासून बिघडलेलं होतं. पहिल्या बीटीच्या बाबतीत ते कॅडहेरिन नावाचं प्रथिन, दुसऱ्याच्या बाबतीत वेगळ्याच जनुकातला दोष. विष पोटात गेलं, पण चिकटायला जागा नाही, म्हणून ते तसंच बाहेर पडलं. या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग एकमेकांना भेटले, आणि पुढच्या पिढीत तशाच जास्त निघाल्या. २०१० मध्ये गुजरातेतल्या गुलाबी अळीबद्दल हे जाहीर झालं. २०१७ मध्ये आपल्याकडे तिने कपाशीचं काय केलं ते तुम्ही भोगलंच आहे.

मामा : म्हणजे एकही अळी स्वतः काही शिकली नाही.

भाची : नाही. ज्या आधीच वेगळ्या होत्या तेवढ्या उरल्या. आणि त्यांना उरायला आपण मदत केली. बागायती कपाशी मे महिन्यात लावली, डिसेंबरानंतरही मोडली नाही, फरदड ठेवली, म्हणजे अळीला जवळजवळ वर्षभर खायला मिळालं. पाकिटासोबत बिगर-बीटीचं १२० ग्रॅम बियाणं यायचं...

मामा : ते कुणी लावलं? बांधावर फेकलं सगळ्यांनी. पण खापर आमच्यावर फोडू नकोस. पाच ओळी साध्या कपाशीच्या लावा आणि अळ्यांना पोसा, एवढंच सांगितलं. ते कशासाठी, हे दुकानात कुणी समजावलं होतं? साध्या ओळीतले साधे पतंग त्या बिघडलेल्या पतंगांशी मिसळावेत, म्हणजे तो दोष पातळ होईल, हे मला कळलं तेव्हा पंधरा वर्षं होऊन गेली होती.

मामाचं हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ज्या तंत्राचं आयुष्य शेतकऱ्याच्या पाच ओळींवर अवलंबून होतं, त्याचं कारण त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचवलंच गेलं नाही. पण इथवर झाली ती पिढ्यांची गोष्ट. एका अळीच्या अंगात जंतू शिरला की त्याच दिवशी आत काय घडतं, ही दुसरी गोष्ट. ती फारशी बोलली जात नाही.

मामा : मग खरी प्रतिकारशक्ती म्हणतेस ती कुठं असते? अळीला रक्त तरी असतं का? चिरडली की हिरवं-पिवळं पाणी निघतं.

भाची : तेच रक्त. लाल नाही, कारण हवा वाहून न्यायचं काम त्याच्याकडे नाही. हवा अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांनी थेट आत जाते. पण त्या पाण्यात पेशी आहेत आणि झोपलेली एन्झाइमं आहेत. रब्बीत हरभऱ्यावरची मोठी घाटेअळी धरा. बाभळीच्या काट्याचं नुसतं टोक तिला टोचा आणि डबीत पाला घालून ठेवा. काही तासांनी पाहिलंत तर टोचल्या जागी काळा ठिपका दिसेल. सोललेलं केळं काळं पडतं, जवळजवळ त्याच प्रकारची ही क्रिया आहे. केळ्यात त्याने माल बिघडतो, अळीचा मात्र त्याने जीव वाचतो. काळ्या रंगद्रव्याने जखम बुजते, आणि ते तयार होताना जी तीव्र रसायनं निघतात ती आत आलेल्या जंतूला मारतात.

मामा : मग ती रसायनं अळीलाच का मारत नाहीत?

भाची : मारू शकतात. म्हणूनच ते एन्झाइम रक्तात निष्क्रिय ठेवलेलं असतं. जखम झाली, किंवा जिवाणूच्या नाहीतर बुरशीच्या भिंतीतला ओळखीचा घटक रक्तात सापडला, की एकापाठोपाठ एक प्रथिनं तुटत जातात आणि शेवटी ते जागं होतं. त्याला आवर घालणारी प्रथिनंही सोबत असतातच.

मामा : आणि काळा ठिपका पडण्याआधीच जंतू आत घुसला तर?

भाची : रक्तातल्या पेशी त्याला गिळतात. जंतू फार असले तर पेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन गाठी करतात. गिळता न येण्याइतकं मोठं काही असलं, समजा एखाद्या परोपजीवी माशीचं अंडं, तर त्यावर थरावर थर बसवून त्याला आतच कोंडतात. आणि अळी चिरडल्यावर जो पांढरट-पिवळा लगदा दिसतो ना, ती नुसती साठवलेली चरबी नाही. काही तासांत तो लगदा लहान लहान प्रथिनं रक्तात सोडतो आणि ती जिवाणूंची आवरणं फाडतात. स्टॉकहोमला हान्स बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या रेशमी पतंगाच्या कोषांना जिवाणू टोचले, त्या कोषांच्या रक्तातून असं प्रथिन वेगळं काढलं आणि १९८१ मध्ये त्याची रचना छापली. सेक्रोपिन त्याचं नाव. अळीकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, लसिका पेशी नाहीत. तरी जिवाणूची भिंत ओळखायची, की बुरशीची, एवढं तिला जन्मतः येतं.

मामा : ओळखायला डोळे तर लागतील.

भाची : ती ओळख प्रथिनांकडे असते. फळमाशीत ‘टोल’ नावाचं एक जनुक अंड्यातल्या गर्भाची पाठ-पोट ठरवतं, हे आधीच माहीत होतं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गच्या झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी दाखवलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीपुढे टिकत नाहीत, बुरशी त्यांच्या अंगावर केसासारखी उगवते. पुढे माणसातही त्याच घराण्यातली प्रथिनं सापडली, आणि २०११ चं नोबेल हॉफमन, ब्रूस बॉयटलर आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळालं. तुम्हाला ताप भरतो त्याची सुरुवात करून देणारी यंत्रणा फळमाशीच्या नात्यातली आहे.

मामा : नोबेल मिळालं, चांगलं झालं. पण माझ्या वावराला त्याचं काय? मला अळी मेलेली हवी. तिच्या अंगात किती बंदोबस्त आहे हे ऐकून मी उलट म्हणेन, एवढा बंदोबस्त असेल तर जहालच औषध मारलं पाहिजे.

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. कर्ज काढून पेरणाऱ्याने विज्ञानाकडे हेच विचारावं. भाचीचं उत्तर इथे थोडं लांबतं, आणि या लेखाचा जीव त्यातच आहे.

भाची : रासायनिक विषाला या बंदोबस्ताशी घेणंदेणं नसतं. ते बहुतेक वेळा मज्जातंतूवर काम करतं, रक्तातल्या पेशी त्याला गिळू शकत नाहीत. पण तुम्ही जैविक औषध आणता तेव्हा डब्यात सजीव असतो. मेटारायझियम, बिव्हेरिया या बुरशी, नाहीतर विषाणू. या सजीवाला अळीच्या अंगातल्या त्याच बंदोबस्ताशी झुंजावं लागतं. म्हणून तो बंदोबस्त माहीत नसलेल्या माणसाच्या हातात जैविक औषध वाया जातं.

मामा : वाया गेलंच. गेल्या हंगामात मक्यावर मेटारायझियम मारलं, एका ओळखीच्या दुकानातून आणलं होतं. तीन दिवस वाट पाहिली. अळी पोंग्यात तशीच, भुसा पाडतेय. चौथ्या दिवशी विष मारलं. तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

भाची : केव्हा मारलं होतं?

मामा : सकाळी दहाला मजूर आले तेव्हा. आणि एका फवाऱ्यात काम व्हावं म्हणून करप्याचं बुरशीनाशकही त्यातच टाकलं.

भाची : मामा, मेटारायझियम ही बुरशी आहे. तिच्यासोबत तुम्ही बुरशीनाशक टाकलंत. पहिला घाव तिथेच बसला. आणि दहाचं ऊन. त्या उन्हात बीजाणू सुकतात, अतिनील किरणांनी मरतात. संध्याकाळी, पोंग्यात ओल असताना मारायचं.

मामा : धर की दोन्ही चुका झाल्या नसत्या. मग तीन दिवसांत अळी मेली असती?

भाची : तीन दिवसांत नाही. बीजाणू आधी अळीच्या कातडीला चिकटतो. ओल असेल तर उगवतो, टोकाशी फुगीर पकड तयार करतो, आणि एन्झाइमं व दाब दोन्ही वापरून कातडी भेदतो. याला दिवसभर तरी लागतो. तेवढ्यात अळीने कात टाकली तर बीजाणू कातीसोबत गळून पडतो आणि अळी मोकळी. कातडीतून तो आत आलाच, तर काळं करणारं एन्झाइम वाटेवर असतंच. रक्तात पोहोचला की गिळणाऱ्या पेशी असतात. मेटारायझियमने यावर काय केलंय ऐका. रक्तात शिरल्यावर ती बारीक बारीक तुकड्यांनी वाढते आणि अंगावर एका प्रथिनाचं पांघरूण घेते, त्यामुळे बुरशीच्या भिंतीतला जो घटक पेशी ओळखतात तोच झाकला जातो. शिवाय डिस्ट्रक्सिन नावाची विषं सोडून अळीचा बचाव ढिला करते. हे सगळं होऊन अळी मरायला सहा-सात दिवस सहज जातात. मात्र शेवटचे काही दिवस ती खाणं कमी करते, ते तुम्ही पाहिलं नसणार.

मामा : चौथ्या दिवशी विषच मारलं, पाहणार कुठून.

भाची : आता तुमच्याच शिवारातलं सांगते. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे पहिल्यांदा दिसली आणि वर्षभरात आपल्या मक्यावर आली. ऑगस्टात झड लागली असताना पोंगे उघडून बघितलेत कधी? काही अळ्या पानाला चिकटून ताठ झालेल्या असतात. आधी पांढऱ्या, दोन दिवसांनी फिकट हिरव्या. बोट लावलं तर हिरवी भुकटी बोटाला येते.

मामा : पाहिल्यात. मला वाटलं औषधाने वाळल्या.

भाची : ते मेटारायझियम रिलाई, आपल्याकडे जुन्या नावाने नोमुरिया म्हणतात. कुणी फवारलेलं नव्हतं, ते मातीतलंच. त्या हिरव्या भुकटीचा कणन्‌कण बीजाणू असतो. त्या आठवड्यात तुम्ही बुरशीनाशक मारता, तेव्हा हे फुकट मिळालेलं औषधही मरतं.

मामा : झड लागली असताना. बरोबर बोललीस. पण खानदेशात झड किती दिवस असते? जूनमध्ये पेरलं, जुलैत पंधरा-पंधरा दिवस उघडीप. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो. तुझी बुरशी पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर खुश. पस्तिशीच्या पुढे तिची वाढ बसते, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग ही बुरशी कोकणात चालावी, आमच्याकडे काय चालणार?

भाची : हा मुद्दा खरा आहे, मी तो खोडणार नाही. उघडीप असेल तर बुरशीवर विसंबू नका. कपाशीतल्या गुलाबी अळीवरही तिचा फार उपयोग नाही, कारण अंड्यातून निघाल्यावर ती एक-दोन दिवसांत बोंडात शिरते आणि भोक बुजतं, फवारा तिला गाठतच नाही. तिथे कामगंध सापळे, डोमकळ्या तोडून नष्ट करणं, आणि वेळेत कपाशी मोडणं, हेच कामाचं. बुरशी मक्याच्या पोंग्यात, ओल्या महिन्यात चालते, आणि जमिनीत.

मामा : जमिनीत म्हणजे मुळं खाणाऱ्या हुमणीला?

भाची : हुमणीलाच. आणि इथे एक गंमत आहे. ज्याने पेशी जंतू गिळतात हे सगळ्यांत आधी ठामपणे मांडलं तो इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना गुलाबाचे काटे टोचले आणि काट्याभोवती पेशी जमलेल्या पाहिल्या. १९०८ चं नोबेल त्याला पाउल एर्लिखसोबत त्यासाठीच मिळालं. पण त्याआधी, १८७९ मध्ये ओडेसाकडे, तो गव्हावरचे भुंगेरे हिरव्या बुरशीने मारता येतात का हे बघत होता. ते भुंगेरे हुमणीच्या भुंगेऱ्यांच्याच कुळातले, आणि ती हिरवी बुरशी म्हणजे तुमच्या डब्यातलं मेटारायझियम. शरीर स्वतःला कसं वाचवतं आणि त्याला बुरशीने कसं मारायचं, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने हातात घेतले होते.

मामा : मग आता मला असं सांग, आपण गोवराची लस देतो तशी अळीला एकदा बुरशी लागून ती वाचली, तर पुढच्या वेळी तिला ती बुरशी बाधणार नाही का?

भाची : आपल्यासारखी नेमकी आठवण तिच्याकडे नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. आता चित्र थोडं बदललंय. थोड्या जंतूंचा संसर्ग होऊन वाचलेले काही कीटक दुसऱ्या वेळी जास्त तग धरतात. मधमाशीच्या राणीला रोगजंतूचे मारलेले अंश खायला दिले, तर त्यांचे तुकडे अंड्यांपर्यंत पोहोचतात आणि पिल्लं थोडी तयार होऊन निघतात. त्यावरच आधारलेल्या, पिल्लांच्या फाउलब्रूड रोगावरच्या लशीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये सशर्त परवाना मिळाला. पण सगळ्या कीटकांत हे सारखं नाही. वाटाण्यावरच्या माव्याचा जनुकसंच २०१० मध्ये वाचला, तर जिवाणूंशी लढायच्या एका अख्ख्या साखळीतले मुख्य दुवे त्यात सापडलेच नाहीत. मावा झाडाचा स्वच्छ रस पितो, म्हणून त्याला ती गरज राहिली नसावी, असा एक अंदाज आहे. मधमाशीतही फळमाशीच्या मानाने अशी जनुकं साधारण एक तृतीयांशच. तिचा पुष्कळ बचाव वसाहतीच्या स्वच्छतेत आहे.

मामा : मधमाशीचं कशाला काढलंस?

भाची : साक्रीकडे कांद्याचं बियाणं घेतात, डोंगळ्याच्या फुलांवर मधमाशी बसल्याशिवाय दाणा भरत नाही. निओनिकोटिनॉइड जातीची जी औषधं तुम्ही माव्याला, तुडतुड्याला मारता, त्यांच्या न मारणाऱ्या मात्रेनेही मधमाशीच्या अंगातला संरक्षणाचा निरोप दबतो आणि तिच्या अंगात दबून असलेला विषाणू वाढतो, हे २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. जहाल औषध मारलं म्हणजे फक्त नको ती कीड मेली, असं होत नाही. वाचलेल्या माशीचाही बंदोबस्त उसवतो.

इथे मामा बराच वेळ बोलत नाही. मलाही वाटतं की कीटकनाशकांच्या चर्चेत हा मुद्दा आला पाहिजे. आपण मेलेले कीटक मोजतो. जे मेले नाहीत पण आजारापुढे हात टेकून बसले, ते आपल्या हिशेबात नसतात.

मामा : हरभऱ्याचं बोल. तिथे विषाणू मारतात ना, एचएएनपीव्ही?

भाची : हो, हेक्टरी ५०० एलई. तोही अळीच्या पोटातूनच आत जातो. आतड्यातला क्षार त्याचं आवरण विरघळवतो, आतला विषाणू पेशीत शिरतो. लहान अळीत काम फत्ते होतं. मोठी अळी मात्र लागण झालेल्या आतड्याच्या पेशी चक्क टाकून देते, आणि वाचते. म्हणून अळी पेराएवढी होण्याची वाट बघायची नाही. उन्हापासून जपायला त्यात राणीपाल टाकायला सांगतात, ते मघाशी म्हटलं त्या अतिनील किरणांसाठी. मेलेली अळी शेंड्याला उलटी लटकते, फुटली की पातळ पाणी गळतं, ते खालच्या पानांवर पडून पुढच्या अळ्यांना लागण होते.

मामा : लटकलेल्या अळ्या गोळा करून, वाटून, गाळून मारतात, ते मी ऐकलंय.

भाची : आणि हरभऱ्याच्या फांदीवर कधी राखाडी-पांढरा, काळे ठिपके असलेला लहान कोष दिसला तर तो चुरडू नका. तो कॅम्पोलेटिसचा. ही लहानशी माशी लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. मघाशी म्हटलं ना, रक्तातल्या पेशी अंड्याला कोंडतात? कॅम्पोलेटिस अंड्यासोबत स्वतःच्या अंगात तयार केलेला विषाणूही टोचते, आणि तो अळीच्या त्याच पेशींना कामाबाहेर काढतो. अंडं सुखरूप राहतं. पुढे पिल्लू अळीला आतून खातं.

मामा : एवढं चालतं आमच्या हरभऱ्यात, आणि आम्ही फेब्रुवारीत सरसकट फवारा मारून सगळं एकत्र धुऊन काढतो. बरं, मला हिशेबाचं सांग. मक्याला तुझी बुरशी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, दोन वेळा. संध्याकाळचा मजूर मिळत नाही, मिळाला तर जास्तीची मजुरी मागतो. डब्यात बुरशी जिवंत आहे की मेलेली, हे मला दुकानात कसं कळणार? तापलेल्या पत्र्याखाली दोन महिने पडलेला डबा असेल तर?

भाची : उत्पादन तारीख बघा, जुना डबा घेऊ नका. उन्हात ठेवलेला तर फुकट दिला तरी नको. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात विचारा, कृषी विज्ञान केंद्राला विचारा, ताजं कुठे मिळतं. पण तुमच्या तक्रारीतला मोठा भाग बरोबर आहे. सजीव माल विकायचा तर दुकानात गारवा हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी नाही. ते दुरुस्त होत नाही तोवर शेतकऱ्याने जैविककडे पाठ फिरवली, तर मी त्याला दोष देणार नाही.

मामा : मग ठरलं असं. यंदा मक्याच्या एका पट्ट्यात, पाऊस लागून असेल तरच, पंधरा-वीस दिवसांचं पीक असताना संध्याकाळी बुरशी मारतो. सोबत बुरशीनाशक नाही. आठवडाभर हात लावत नाही. पण पाऊस उघडला आणि पोंगे खायला लागले, तर मी तुझ्यासाठी थांबणार नाही.

भाची : थांबू नका. फक्त विष भरण्याआधी त्या पट्ट्यातले वीस पोंगे उघडा. किती अळ्या चालत्या, किती सुस्त, किती ताठ, वेगवेगळ्या मोजा, आणि सुस्त अळ्या जिवंत धरू नका.

मामा : का? हलतात तर जिवंतच की.

भाची : त्यांच्यात बहुतेक बुरशी रक्तात उतरलेली असते. दोन सुस्त अळ्या डबीत ओल्या कापसावर ठेवून मला पाठवा. तीन-चार दिवसांत कळेल, कुणाचा जोर चालला ते.